निळ्या बॅगची गाठ

अंजनगाव सुर्जी
९ नोव्हेंबर २०२५, रविवार

शुभम,

वरती काय लिवावं हेच अर्धा घंटा सुचलं नाई. शाळेत गुरुजीनं शिकवलेले 'अनेक आशीर्वाद' लिवले अन् खोडले. आशीर्वाद घ्याले माणूस समोर वाकला पायजे, अन् तू तर चार सालात दारात बी आला नाई. म्हणून नुसतं नाव लिवलं. फाडाचं असन तर फाड, पण आधी वाच.

फोनवर आपलं काय होते ते तुले बी मालूम हाये. मी म्हणतो, कसा हायेस. तू म्हणतं, बरा हाये. मंग म्हणतं, गिऱ्हाईक आलं, ठेवतो. पाडव्याच्या दिवशी सकाळी सात वाजता ट्रॅक्टरच्या शोरूममधी कोणतं गिऱ्हाईक येते बाप्पा? अकोला काही परदेश नाई. सकाळच्या एसटीत बसलो तर जेवाले तुह्या घरी पोचन. पण बोलावल्याशिवाय येणारा मी नाई, अन् बोलावणारा तू नाई.

कामाचं सांगतो. आपल्या शकुनची प्रतीक्षा अमरावतीले कॉलेजात हाये. तिच्या कॉलेजचं शिबिर हाये, बारा डिसेंबरपासून तीन दिवस, चिखलदऱ्याच्या वर. तंबूत राहाचं. पोट्टी काल आली अन् म्हणे, "आजोबा, मामाचं सामान माळ्यावर हाये ना? मले पायजे." मी नाई म्हणणारच होतो, तवर ती शिडी लावून चढली बी.

तंबू काढला. एका कोपऱ्याले उंदरायनं दात मारले, बाकी शाबूत हाये. खुट्या चौदातल्या अकरा सापडल्या. तू दर पिशवीवर काळ्या शाईनं लिवलेलं जसंच्या तसं हाये, 'ओला गुंडाळू नये', 'दांड्या मोजून ठेवाव्या'. प्रतीक्षा म्हणे, मामा किती नेटका होता. म्या म्हतलं, होता काय, हाये.

झोपाच्या बॅगा बी निंघाल्या. चार लाल, जाड्या. अन् एक निळी, पातळ. पोट्टीनं निळी उचलली, हलकी हाये म्हणून. म्या तिच्या हातातून ओढली. एवढ्या जोरात ओढली की ती दचकली. "काहून आजोबा?" म्हणे. म्या म्हतलं, नको म्हतलं ना. बॅग परत माळ्यावर टाकली अन् शिडी उचलून गोठ्यात ठेवली. म्हाताऱ्याच्या आंगात आलं असं समजून ती गप बसली.

तर आता तू तिले सांग, काय न्याचं अन् कसं राहाचं. मले ह्या कामातलं काही कळत नाई, हे तुह्यापेक्षा चांगलं कोणाले मालूम?

सव्वीस डिसेंबरले तुह्या मायले जाऊन चार सालं होतीन. त्या दिवसाबद्दल मले काही बोलाचं नाई. फक्त तारीख सांगतली.

पंजाबराव


अंजनगाव सुर्जी
२१ नोव्हेंबर, शुक्रवार

शुभम,

मले उत्तर नाई देल्लं, भाचीले देल्लं. चालते. फोनवर आलेलं बारीक अक्षर मले दिसत नाई, तर पोट्टीनं ते कागदावर छापून आणलं. दोन पानं भरली. म्या तीन खेपा वाचलं.

तू लिवलं, बॅगपेक्षा खालची मॅट मोठी, जमीन आंगातली ऊब खालून ओढून घेते. साठ सालं भुईवर झोपलो लेका, मले हे मालूम नव्हतं. झोपाच्या आधी कपडे बदलाचे, घामानं ओला झालेला बनियन बी ठेवाचा नाई. सुती नको, लोकर पायजे. कोरडा नाला कितीबी सपाट दिसला तरी त्यात तंबू लावाचा नाई. मोहाच्या अन् बोरीच्या झाडाखाली नाई, अस्वल येते. खाण्याचं काही तंबूत नाई, गुळाचा खडा बी नाई. गळ्यात शिट्टी. कुठी जाचं असन तर सांगून जाचं, अन् एकट्यानं जाचंच नाई. तंबूच्या जाळ्या दोन्ही बाजूनं उघड्या. विस्तव तंबूत नाई, चूल दहा पावलं दूर.

वाचता वाचता तुहाच आवाज कानात येऊन राहिला. तू नोकरी सोडून हे तंबूचं काम काढलं तवा म्या तुले काय काय नाई बोललो! माळ्याच्या पोरानं शेवंती लावावी, झेंडू लावावा, हे लोकायचे अंथरूण घालत फिरते, असं म्या भर बाजारात म्हतलं. तू उत्तराखंडात जाऊन महिनाभर शिकून आला, जंगलाच्या हद्दीबाहेर गवळ्याचं वावर रीतसर भाड्यानं घेतलं, अन् पाच सालं लोकायले नेलं-आणलं. पाच सालात एका माणसाले खरचटलं नाई. हे मी तुले कवाच म्हतलं नाई. आता म्हणतो.

पण कागदाच्या शेवटी तू जे लिवलं ते वाचताना पोट्टी थांबली. 'लालच बॅग ने, निळी नको. आईच्या वेळी मी चुकलो. जाड बॅगा पाहुण्यांना दिल्या आणि आईला पातळ. तिला थंडीनं नेलं. तू चुकू नको.'

तिनं माह्याकडे पाह्यलं. मी उठलो अन् मोटर चालू कराले वावरात गेलो. मोटर तर चालूच होती. तठीच धुऱ्यावर बसलो.

शुभम, तुह्या तंबूत खोट नव्हती. हे मले तुले सांगाचं होतं. त्या दिवशी दुपारी मले अन् तुह्या मायले तंबूपाशी ठेवून पाहुण्यायले घेऊन तू कड्याकडे निंघाला, तवा बजावलं होतं, बाबा, जाळी बंद करू नका. म्या केली. मावठ्याचं पाणी झोंबत होतं, तुही माय ओली झाल्ती, कुडकुडत होती. मले वाटलं, शहाण्यानं तंबूले भोकं ठेवली. म्या एका जाळीत तुहा टॉवेल कोंबला अन् दुसरीत तिचं ओलं लुगडं. एवढी एक गोष्ट म्या तुह्या सांगण्याबाहेर केली.

अन् दुसरं. स्मशानात चार लोकायसमोर म्या तुले म्हतलं, "परक्याच्या बायकोले जाड अन् आपल्या मायले पातळ." तवा तू जी मान खाली घातली ते अजून वर केली नाई. तेराव्याच्या आधीच अकोल्याले गेला. ते बोलणं मी मांगं घेतो.

आता माह्या मनात काही नाई.

पंजाबराव


अंजनगाव सुर्जी
४ डिसेंबर, गुरुवार

शुभम,

मांगच्या पत्रात शेवटी लिवलं की माह्या मनात काही नाई. ते झूट हाये. खाली सगळं लिवतो. अक्षर वाकडं आलं तरी वाच.

आज सकाळी शकुन अन् प्रतीक्षा परतवाड्याहून आल्या. शकुननं पिशवीतून एक लहानी लोखंडी शेगडी काढली, नवीकोरी, संग कोळशाची थैली. म्हणे, "बाबा, माय थंडीनं गेली. माही पोरगी नाई जाणार. झोपाच्या आधी हे तंबूत ठेवन, पहाटपर्यंत ऊब राहीन."

म्या म्हतलं, मामानं लिवलं ना, तंबूत विस्तव नाई म्हणून.

तर पोट्टी हसून म्हणे, "मामा म्हणते ते जाळाचं, आजोबा. कपडा पेटते म्हणून. निखाऱ्याले कुठी जाळ असते? खाली राख, वरून राख. आई म्हणते तुमच्यासारखे निखारे कोणालेच पाडता येत नाई. मी झाली तवा आईच्या बाजेखाली तुमीच ठेवत होते ना? मले शिकवा."

"सव्वा महिना ठेवले," शकुन म्हणे. "मले कवा ठसका बी लागला नाई."

म्या म्हतलं, उद्या शिकवतो, आज लाकूड नाई. शेगडी माह्या खाटेखाली सरकवली. आता दोघी जेवून कलंडल्या हायेत अन् मी दार लावून लिवाले बसलो. कारण हे त्या पोट्टीले सांगाच्या आधी तुले सांगाचं हाये. तुहा हक्क पहिला हाये.

तू लहान असताना आपलं घर कवेलूच्या छपराचं होतं, तुले आठवत असन. शकुनच्या वेळी, तुह्या वेळी, तुह्या मायच्या बाजेखालचे निखारे म्याच पाडले. ते काम बायकायचं, पण माही माय तवा नव्हती, म्हणून माह्यावर आलं. धावड्याचं लाकूड अंगणात पेटवाचं, धूर सगळा निंघू द्याचा, लाल झाले की घमेल्यात राखेवर ठेवाचे. तुही माय म्हणे, तुमच्या हातचा शेक हाडापर्यंत जाते. शुभम, साऱ्या आयुष्यात त्या बाईनं मले दिलखुलास नावाजलं ते या एकाच गोष्टीसाठी. बाकी मी तिले काही फार सुख देल्लं नाई.

त्या दिवशी तुमी गेल्यावर ती दातावर दात वाजवत बसली होती. तुनं सांगतल्यासारखं तिनं कोरडं लुगडं नेसलं, चहा घेतला. आणखी थोडा दम काढला असता तर ऊब आलीच असती, हे आता कळते. पण मले राहवलं नाई. चुलीत धावड्याचे निखारे झाले होते, पाहून माहे हातच वळवळले. घमेलं भरलं. तुहं बोलणं आठवलं, विस्तव नाई म्हणून. म्या मनात म्हतलं, पोराले काय मालूम, त्यानं शहराच्या लोकायपासून शिकलं. विस्तव म्हणजे जाळ. धूर नाई, जाळ नाई, मंग भेव काय? घमेलं तिच्या पायथ्याशी ठेवलं, जाळ्या कोंबल्या, तंबूच्या दाराची चेन पार वरपर्यंत ओढली.

चेन लावताना ती म्हणे, "आता कसं बरं वाटून राहिलं. बाळंतपण आठवलं."

मी बाहेर चुलीजवळ बसलो. तुह्या पाहुण्यायसाठी लसूण सोलत होतो. मले सांगाले लाज वाटते, पण मी खुशीत होतो. मनात म्हणत होतो, पोरगा एवढं सामान घेऊन आला अन् मायले ऊब देल्ली ती बापाच्या घमेल्यानं.

मंधात तिनं एक डाव आवाज देल्ला. "अवो, डोकं दुखून राहिलं." म्या बसल्या जागेवरून म्हतलं, "चहा कमी पडला तुले. झोप." मंग ती झोपली.

तुमच्या यायच्या थोडं आधी चेन उघडली. गरम हवा तोंडावर आली. हाक मारली, हालवलं. बाहेर ओढून आणलं, तोंडावर पाणी मारलं, छाती चोळली. काही नाई. अन् तवा उतारावरून तुमचे आवाज आले. पाहुण्यायतलं कोणीतरी हसत होतं.

शुभम, त्या टायमाले म्या काय केलं ते ऐक. म्या घमेलं उचललं अन् नाल्यात उलटं केलं. जाळीतला टॉवेल ओढला, लुगडं ओढलं. तिले तसंच टाकून हे केलं. काहून केलं? तू रागावशीन म्हणून. पाहुण्यायसमोर तू मले म्हणशीन, बाबा, सांगतलं होतं ना. बस, एवढ्यासाठी. ती गेली हे मले तवा पटलंच नव्हतं. वाटलं, तू येशीन अन् काहीतरी करशीन, उठन ती.

खाली दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, काय झालं. म्या म्हतलं, थंडीनं काकडली. म्या सांगतलं तेच त्यानं लिवलं. मंग एक डाव जे बोललो ते बोलतच गेलो. स्मशानात तुह्यावर ओरडलो ते दुःखानं नाई. कोणी माह्याकडे पाहू नये म्हणून ओरडलो.

अन् आता त्याच झुटापायी ते पोट्टी कोळसा घेऊन जाऊन राहिली. आजी थंडीनं गेली म्हणून. मी गप बसलो असतो तर माह्या हातानं निखारे पाडाले शिकून गेली असती.

तुले जे वाटन ते वाटू दे. तुह्या डोळ्यासमोर यायची माही हिंमत नाई.

पंजाबराव


अंजनगाव सुर्जी
१० डिसेंबर, बुधवार

शुभम,

तुहा फोन नाई, चिठ्ठी नाई. पत्र पोचलं असन असं धरून पुढचं लिवतो.

पाच तारखेले सकाळी शेगडी अंगणात आणून ठेवली. प्रतीक्षा फुकणी घेऊन बसली, शिकाले. म्या म्हतलं, बाई, फुकणी खाली ठेव. शकुनले बी बोलावलं. अन् तुले लिवलं तेच सांगतलं. लिवणं सोपं हाये रे. तोंडानं सांगताना मंधातच पाणी प्यावं लागलं.

पोट्टी रडली. शकुन रडली नाई. शेगडी उचलून आपल्याकडे घेतली. मंग म्हणे, "चार राख्या पोष्टानं पाठवल्या, बाबा. भाऊ एका राखीले आला नाई. म्हणे, तुह्यासमोर कोणत्या तोंडानं येऊ ताई. मायले म्या मारलं म्हणे. अन् तुमी अठी बसून ऐकत होते."

ती दुपारच्याच गाडीनं गेली. चहा बी घेतला नाई. जाताना शेगडी संग नेली, कोळसा मात्र उकिरड्यावर फेकला.

प्रतीक्षा थांबली. संध्याकाळी म्हणे, "आजोबा, आमच्या शिबिरात चाळीस जण हायेत. निम्म्या पोराय-पोरीयनं हेच ठरवलं हाये. कोणी शेगडी नेते, कोणी घमेलं. तुमी येता का सांगाले?" म्या म्हतलं, येड लागलं काय तुले, कॉलेजात मी काय सांगू? ती म्हणे, आमाले सांगतलं तेच.

काल गेलो अमरावतीले. तिच्या चारुता मॅडम शिबिर पाहतात, त्यायनं मले खुर्ची देल्ली. मी उभाच राह्यलो. म्या म्हतलं, मी पंजाबराव, अंजनगावचा, फुलं पिकवतो. माह्या बायकोचं नाव तानुबाई. तिले म्या कसं मारलं ते सांगाले आलो. सुरुवातीले एक पोट्टं माह्या बोलीले हसलं. मंग कोणी हसलं नाई.

कवेलूच्या घराले वरून हजार फटी असतात, हे त्या पोरायले समजावून सांगतलं. तठी निखारा बाजेखाली चालून गेला, कारण घर श्वास घेत होतं. तंबूचा कपडा श्वास घेत नाई. माह्या पोरानं त्यासाठी जाळ्या ठेवल्या होत्या अन् म्या त्या बुजवल्या. 'माह्या पोरानं' हे मोठ्यानं म्हतलं.

मंग मॅडमनं सांगतलं, निखाऱ्यातून जी विषारी हवा निंघते तिले रंग नाई, वास नाई. आधी डोकं दुखते, मंग झोप येते, अन् माणूस त्या झोपीतच जाते. कधी कधी चेहरा लाल राहते, म्हणे. मी खाली बसलो. तिले न्हाऊ घालताना बाया म्हणत होत्या ना, तानुबाईच्या चेहऱ्यावर काय तेज हाये, सवाष्ण गेली म्हणून. चार सालं मी ते तेज मनात धरून होतो.

पोरं जायच्या आधी एकेक येऊन पाया पडले. म्या पाय मांगं घेतले.

पंजाबराव


अंजनगाव सुर्जी
१६ डिसेंबर, मंगळवार

शुभम,

परवा सांजच्याले तुहा फोन आला. तुह्या घरातला पंखा का काय ते घरघरत होतं, मी तेच ऐकत बसलो. मंग तू एकच विचारलं. "बाबा, मंग ती बॅग?" अन् ठेवला.

तू काय विचारून राहिला ते मले समजलं. तुले वाटते, बुढा आता थकला, पोराचं मन हलकं कराले निखाऱ्याची गोष्ट रचून राहिला. निखारे असतीनही, पण माय तर त्या पातळ बॅगमधीच होती ना. बाबानं तेच सांगतलं होतं.

हो, म्या तेच सांगतलं होतं. त्या दिवशी तंबूबाहेर तू तिचे हात चोळत बसला होता, अन् मान वर करून विचारलं, "आई कशात झोपली होती?" म्या म्हतलं, "तू देल्ली त्या निळ्या बॅगमधी." तंबूत डोकावून न पाहता तू ते खरं धरलं. अन् तुहा चेहरा म्या पाह्यला. तठीच म्या तोंड उघडाले पायजे होतं. घमेल्याचं लिवलं, जाळीचं लिवलं, पण हे एक वाक्य चार पत्रात माह्या हातून उतरलं नाई. सगळ्यात मोठं पाप हे हाये. बाकीचं नादानपणानं झालं, हे म्या समजून केलं.

तुही माय त्या बॅगमधी नव्हती, शुभम. ती माह्या घोंगडीवर झोपली, आंगावर तिची वाकळ. बॅगची दोरी तिच्याकून सुटली नाई. तू पाहाडात शिकून आलेली ती गाठ मारतं ना, दोन फासे अन् मंधात पीळ, ती तिले उकलेना. म्या बी पाह्यलं, माह्याकून बी सुटली नाई. म्हणे, "राहू द्या, पोरगं आलं की सोडन." गुंडाळलेली बॅग तशीच उशाले घेतली. म्हणे, मऊ हाये.

ती थंडीनं नाई गेली, बेटा. म्या तिले बाहेर काढलं तवा तिच्या गळ्याले घाम होता.

माह्यावर तुहा भरोसा नसन, तर नसू दे. म्हणून आज बॅगच पाठवून राहिलो. सकाळच्या एसटीच्या कंडक्टरजवळ देल्ली हाये, अकोल्याच्या स्टँडवर पार्सलमधी जाऊन घे. चार सालं ती माळ्यावर होती. जाळता आली असती, नाल्यात टाकता आली असती. माह्याकून झालं नाई. कोणाले हात बी लावू देल्ला नाई. त्या दिवशी प्रतीक्षाच्या हातातून ओढली ती यासाठी.

पोट्टी परवाच शिबिराहून आली. लाल बॅगमधी झोपली, जाळी उघडी ठेवली. म्हणे, नाक गार पडलं होतं आजोबा, पण बाकी मस्त. चाळीसच्या चाळीस खाली उतरले.

सव्वीस तारखेले मायचं चौथं वर्सश्राद्ध हाये. शकुन येतो म्हणे. माह्याशी बोलत नाई, पण येतो म्हणे. तुले मी ये म्हणत नाई. तो हक्क म्या ठेवला नाई. आला तर दार उघडं हाये, नाई आला तरी उघडंच राहीन.

तुले एकच सांगतो. पार्सल घेतलं की स्टँडवरच बाकड्यावर बस अन् पाह्य. घाई करू नको, सोडू बी नको. आधी नीट पाह्य. दोरी कोणीच उकलली नाई. गाठ तुहीच हाये.

तुहा बाप